काढा किती, वाफ कशी आणि मध कोणाला?

मकरसंक्रांत ते रंगपंचमी हा इंदूरमधला मोठा फसवा काळ आहे. पहाटे फिरायला जाताना स्वेटर लागतो, दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि मधूनच मावठ्याची सर येऊन जाते. आपल्या देशात फ्लूची साथ साधारणपणे दोनदा जोर धरते, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये. त्यामुळे या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे सर्दी, खोकला आणि ताप यांविषयीच आहेत यात नवल नाही. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एकाच आठवड्यात माझी मुलगी आणि यजमान दोघेही आजारी पडले. डॉक्टरांनी मुलीला साधी सर्दी आणि यजमानांना फ्लू असल्याचे सांगितले. नाक तर दोघांचेही वाहत होते. हा फरक घरी कसा ओळखावा आणि घरगुती उपाय दोन्हींत चालतात का? (टिळकनगर)

उत्तर : दवाखान्यात मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारते तो असा : आजारपण केव्हा सुरू झाले? साध्या सर्दीचा रुग्ण विचारात पडतो. परवा घसा खवखवत होता, काल शिंका आल्या, आज नाक चोंदले, असा हिशेब तो बोटांवर मांडतो. फ्लूचा रुग्ण बहुधा वेळच सांगतो : “मंगळवारी दुपारी दुकानात बसलो होतो, चारच्या सुमारास एकाएकी थंडी वाजून आली.” फ्लूमध्ये ताप एकदम चढतो, डोके आणि पाठ ठणकते, डोळ्यांची बुबुळे हलवली तरी दुखतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. साध्या सर्दीत मोठ्यांना ताप क्वचितच येतो, आला तरी कणकण असते आणि माणूस कुरकुरत का होईना, कामाला जाऊ शकतो.

सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होते, त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा. फ्लू मात्र इन्फ्लुएन्झा या विषाणूचाच असतो. दोन्हींवर प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, काम करीत नाही, आणि दोन्हींतून निरोगी माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच ताकदीने बरा होतो. सर्दीला सात ते दहा दिवस लागतात. स्वयंपाकघरातला कोणताही पदार्थ हे दिवस ठळकपणे कमी करीत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरे वाचताना गैरसमज राहणार नाही. घसा शेकला जाणे, नाक मोकळे वाटणे, रात्री चार तास सलग झोप लागणे यांसाठी घरगुती उपाय आहेत आणि तेवढ्यासाठी ते फार चांगले आहेत.

फ्लूच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवावा. गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढची माणसे, पाच वर्षांखालील (विशेषतः दोन वर्षांखालील) मुले आणि दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांच्यासाठी ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध उपलब्ध आहे, परंतु ते सुरुवातीच्या ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. अशा व्यक्तींच्या बाबतीत “दोन दिवस काढा देऊन बघू” म्हणत थांबले, तर नेमके तेच दोन दिवस हातचे जातात.

प्रश्न : करोनाच्या काळापासून आमच्या घरी दिवसातून तीन वेळा काढा होतो. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, ज्येष्ठमध, गुळवेल आणि हळद असे सर्व घालून मी तो पाण्याचा पाव होईपर्यंत आटवते. अलीकडे माझ्या छातीत जळजळ होते, तोंड येते, आणि सासरे म्हणतात की त्यांचे ब्लडप्रेशर गोळ्या घेऊनही वाढले आहे. काढ्याने उष्णता झाली असेल का? तो बंद केला तर सर्दी होईल, अशी भीती वाटते. (सुदामानगर)

उत्तर : या पत्राने मला आमच्या गल्लीतल्या त्या दिवसांची आठवण झाली. २०२० च्या उन्हाळ्यात प्रत्येक घरातून सुंठ-मिरीचा वास येत असे आणि प्रत्येक घरची कृती शेजारच्या घरापेक्षा एका मसाल्याने वरचढ असे. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी सुचवलेली कृती मात्र साधी होती : तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि मिरी एक भाग. या चुर्णातील तीन ग्रॅम १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून चहासारखे दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावे, असे त्यात म्हटले होते. आपल्या पातेल्यातील यादी त्याच्या दुप्पट, आटवणे चौपट आणि वेळा तीन. जळजळ होणारच.

आपण ज्याला उष्णता म्हणता, त्यातील बराचसा भाग तिखट मसाल्यांनी अन्ननलिकेला आणि जठराच्या अस्तराला होणारा त्रास आहे. तो काढा बंद केल्यावर बहुधा आठवड्याभरात शमतो. सासऱ्यांच्या बाबतीत माझा पहिला संशय ज्येष्ठमधावर आहे. त्याच्या गोडीला कारणीभूत असलेला ग्लिसिऱ्हायझिन हा घटक रोज पोटात गेला, तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरणे वेगळे आणि ती पातेल्यात आटवून महिनोन्‌महिने पिणे वेगळे. त्यांचा काढा आजच थांबवा, आठवडाभर रोज रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि ती वही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या परस्पर वाढवू नका.

दालचिनीविषयीही थोडे सांगते. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते आणि तिच्यात कूमारिन नावाचे द्रव्य असते. भाजीत किंवा पुलावात ती चिमूटभरच पडत असल्याने काळजी नसते, पण रोज चमचा-चमचा पोटात गेल्यास यकृतावर ताण येऊ शकतो. गुळवेलीच्या बाबतीत २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती नियमित घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असावी, असे आयुष मंत्रालयाने उत्तर दिले. वाद कोणीही जिंको, कुंपणावरची वेल ओळखण्याची खात्री नसेल आणि घरात कोणाला कावीळ किंवा यकृताचा विकार असेल, तर ती काढ्यात घालू नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

काढा बंद केल्याने सर्दी होणार नाही. रोज घेतल्याने ती टळत होती, असेही नाही. सर्दी झाली असताना मात्र तो जरूर घ्या, कारण गरम पेयाचा गुण खरा आहे. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दी संशोधन केंद्रात २००८ मध्ये तीस रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. फळांचे तेच पेय कोणाला गरम, कोणाला खोलीच्या तापमानाचे दिले. श्वास आत-बाहेर जाण्याचे माप दोन्ही वेळा सारखेच आले, तरी गरम पेय घेतलेल्यांचे वाहणारे नाक, खोकला आणि शिंका यांबरोबरच घशाचे दुखणे, थंडी वाजणे आणि थकवाही लगेच कमी झाला. म्हणजे अर्धा गुण पेल्याच्या ऊबेत होता.

माझ्या घरची कृती अशी आहे : दोन कप पाण्यात पाच-सात तुळशीची पाने, गवती चहाची दोन पाती, नखाएवढे ठेचलेले आले आणि दोन मिरे घालायचे, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे उकळायचे, गाळून सुपारीएवढा गूळ घालायचा (मधुमेह असल्यास गूळ नको) आणि घोटघोट प्यायचे. आटवायचे नाही. चहासारखा पातळ झाला तरच तो चार दिवस पोटाला सोसतो.

प्रश्न : माझे बाळ साडेचार महिन्यांचे आहे. सर्दीने त्याचे नाक बंद होते आणि ते दूध पिताना रडते. सासूबाई बाळगुटीत वेखंडाचे दोन वळसे जास्त देतात, मधाचे बोट चाटवतात, नाकात कोमट तेलाचे थेंब सोडतात आणि अंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकून धुरी देतात. माझ्या यजमानांना त्यांनी असेच वाढवले, असे त्या म्हणतात. त्यांना दुखवायचे नाही, पण मन धजावत नाही. (राजेंद्रनगर)

उत्तर : आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या बाळासाठी दिवसभर जी मेहनत घेत आहेत ती मोलाची आहे, आणि त्यातली बरीचशी तशीच चालू ठेवायला हरकत नाही. चार गोष्टी मात्र थांबवायला हव्यात, आणि “डॉक्टरांनी लिहून दिले आहे” असे सांगून हा अंक त्यांच्यासमोर ठेवलात, तर दोष माझ्याकडे येईल.

पहिली गोष्ट मध. बाळाला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून असे विष तयार करतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात, रडणे क्षीण होते, चोखणे थांबते आणि श्वासही थांबू शकतो. मध घरच्या पोळ्याचा आहे की दुकानातला, याने फरक पडत नाही, आणि उकळल्यानेही हे बीजाणू मरत नाहीत.

दुसरी गोष्ट नाकातले तेल. बाळाला ते शिंकरून टाकता येत नाही. थेंब घशामागून श्वासनलिकेत उतरतो, आणि तेल पाण्यासारखे शोषले जात नसल्याने फुफ्फुसात राहून न्यूमोनिया होतो. वरवर पाहता बाळाला काहीच होत नाही, म्हणून प्रथा चालू राहते. तिसरी गोष्ट धुरी. जो धूर आपल्या डोळ्यांत पाणी आणतो, तो सुजलेल्या इवल्या श्वासनलिकांना काय करीत असेल! पूर्वी बाळंतिणीची खोली हवेशीर करण्याची सोय नसे आणि डास-चिलटे असत, तेव्हा धुरीला काही अर्थ असेलही. सर्दी झालेल्या बाळाला तिचा अपायच आहे. चौथी गोष्ट वेखंड : वळसा किती मोठा, सहाण किती खरखरीत, हात कोणाचा, यांवर मात्रा बदलते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, म्हणून बाळगुटीच बाजूला ठेवावी.

आता करायचे काय? एवढ्या लहान बाळाला तोंडाने श्वास घेणे नीट जमत नाही. त्यामुळे नाक बंद झाले की चोखता चोखता त्याचा जीव घुसमटतो आणि ते स्तन सोडून रडते. औषधाच्या दुकानात बाळांसाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, नाकात घालायचे थेंब मिळतात. दूध पाजण्याच्या दहा मिनिटे आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घालावेत, मऊ सुती कापडाच्या वातीने बाहेर आलेला शेंबूड हलकेच टिपावा, वात आत घालू नये, आणि बाळाला किंचित उभे धरून थोडे थोडे, अधिक वेळा पाजावे. मालीश, कोमट पाण्याची अंघोळ, कुशीत घेऊन झोपवणे हे सारे सासूबाईंनी खुशाल करावे. ओव्याची पुरचुंडी उशापासून लांब ठेवली तर हरकत नाही, पण तव्यावरून काढलेली गरम पुरचुंडी बाळाच्या छातीला लावू नये. ती आपल्या तळहाताला सोसते, पण बाळाच्या कातडीला भाजते. कापूर आणि कापूर असलेले बाम दोन वर्षांखालील मुलांना वर्ज्यच आहेत. कापराची एक वडी रांगत्या मुलाच्या पोटात गेली तर आकडी येऊ शकते, म्हणून देवघरातला डबाही उंच ठेवा.

बाळाच्या श्वासाकडे लक्ष द्या. ते शांत झोपले असताना, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास असतील, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, कण्हणे ऐकू येत असेल, बाळ नेहमीच्या निम्मेही दूध पीत नसेल किंवा लंगोट सहा-आठ तास कोरडाच राहत असेल, तर रात्र असो वा दिवस, ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. (दोन महिन्यांखाली हा आकडा ६० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० आहे.) तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला, तरी थांबू नये.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाचा रात्रीचा खोकला थांबत नाही. मागच्या वर्षीच्या बाटलीतले औषध शिल्लक आहे, ते द्यावे का? (अन्नपूर्णा रोड)

उत्तर : देऊ नये. बाटली कचऱ्याच्या गाडीत द्या. आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विषारी रसायन निघाले आणि वीसहून अधिक मुले दगावली, हे आपण विसरलो नसू. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. भेसळ नसतानाही या औषधांचा लहान मुलांना फारसा फायदा होत नाही, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला.

येथे मधाला त्याचा मान द्यायला हवा. २००७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया येथे १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी एकदा दिलेल्या मधाने, काहीही न दिलेल्या मुलांच्या तुलनेत, रात्रीचा खोकला कमी झाला आणि मुलांबरोबर आईवडिलांनाही झोप मिळाली. झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध तसाच चाटवावा किंवा कोमट पाण्यात द्यावा आणि नंतर दात पुसून घ्यावेत. आल्याच्या रसाचे चार थेंब मुलाने तोंड वाकडे न करता घेतले, तर घाला. नाही घेतले, तर आग्रह नको. खोकताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल किंवा दर महिन्याला हाच त्रास होत असेल, तर तो दमा असण्याची शक्यता तपासून घ्यावी. मधाने दमा दबत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सर्दी झाली की पातेल्यात उकळते पाणी घेऊन, डोक्यावर पांघरूण ओढून सर्वांना, मुलांनासुद्धा, वाफ देतात. वाफेने विषाणू मरतो का? (मल्हारगंज)

उत्तर : मरत नाही. विषाणू पेशींच्या आत वाढत असतो आणि तो मरेल इतकी उष्णता नाकाच्या अस्तराला सोसणारच नाही. वाफेवर झालेल्या प्रयोगांत आजार लवकर बरा झाल्याचे सातत्याने दिसलेले नाही. काही काळ नाक मोकळे वाटते, एवढा तिचा गुण, आणि प्रौढांनी त्यासाठी ती घ्यायला माझी ना नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र माझी स्पष्ट ना आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आणली होती. पलंगावर गादीत पातेले ठेवलेले, वर रजई, आत आई आणि मुलगी. वाफ सोसेना म्हणून मुलीने मान झटकली, गादी खचली आणि पाणी मांडीवर आले. सर्दी चार दिवसांत गेली, मांडीची जखम भरायला महिना लागला. मुलांसाठी न्हाणीघराचे दार लावून गरम पाण्याची बादली भरून ठेवावी (ती आईच्या मागे, मुलाचा हात पोचणार नाही अशी) आणि मुलाला दहा मिनिटे गोष्ट सांगत बसावे. मोठ्यांनी पातेले टेबलावर, न हलणाऱ्या जागी ठेवावे, पाणी उकळी उतरल्यावरच घ्यावे आणि पाच मिनिटांत आटपावे. त्यात बाम किंवा निलगिरीचे तेल ओतू नये. दम्याच्या रुग्णाचा श्वास त्याने उलट अडकू शकतो.

प्रश्न : योगवर्गात जलनेती (एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढणे) शिकवली. नर्मदेचे पाणी शुद्ध असते, म्हणून मी नळाचेच पाणी वापरतो. चालेल का? (वैशालीनगर)

उत्तर : चालणार नाही, आणि यात नर्मदेचा दोष नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढून येणारे हे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असते, नाकात घालण्यासाठी नव्हे. त्यातही ते आपल्या गच्चीवरच्या टाकीत किती दिवस साचले, टाकी केव्हा धुतली आणि त्यात बोअरिंगचे पाणी मिसळले का, हे आपणच जाणता. पोटात गेलेले बरेच जंतू जठरातील आम्लाने मरतात, नाकात मात्र अशी चौकी नसते. नेग्लेरिया फाउलेरी हा गोड्या, कोमट पाण्यात राहणारा अमीबा नाकावाटे थेट मेंदूपर्यंत जातो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा याने मृत्यू झाला होता. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूला होणाऱ्या अमीबाच्या संसर्गाचे रुग्ण आढळले, त्यांतील अनेकांचा संबंध तळी-विहिरींच्या पाण्याशी होता. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण टाळणे इतके सोपे आहे की धोका पत्करण्यात अर्थ नाही.

पाणी खळखळून उकळू द्या, त्यानंतर किमान एक मिनिट आचेवर ठेवा आणि झाकूनच कोमट होऊ द्या. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला किंचित कमी मीठ घाला. मीठ कमी पडले तरी नाक झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. नेतीचे भांडे दर वेळी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडे करा. अशी नेती चोंदलेल्या नाकाला खरोखर आराम देते, आणि माझ्या मते वाफेपेक्षा ती सरस आहे. कान दुखत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तेव्हा करू नये.

उरलेल्या पाण्याने गुळण्या करा. जपानमध्ये २००५ मध्ये ३८७ निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात साध्या पाण्याच्या रोजच्या गुळण्यांनी सर्दी कमी वेळा झाली, आणि आयोडीनच्या महागड्या गुळण्यांचा मात्र तसा उपयोग दिसला नाही. मला हा निष्कर्ष वाचून मनापासून आनंद झाला होता.

प्रश्न : सर्दीवर गरम दुधात जलेबी बुडवून खाण्याचा उपाय आमच्या आजोबांपासून चालत आला आहे. हळदीच्या दुधापेक्षा तो चांगला का? आणि जाम खाल्ल्याने खोकला वाढतो का? (छत्रीबाग)

उत्तर : इंदूरकराला जलेबी सोडायला सांगणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा कोणी येत नाही, म्हणून जपून लिहिते. दूध-जलेबीत ऊब आहे, साखर आहे, आणि तोंडाची चव गेलेल्या माणसाच्या पोटात काही तरी जाते. औषधी गुण म्हणाल तर एवढाच. मधुमेह नसेल तर रात्री एखादी खाऊन सुखाने झोपा. दुधाने कफ वाढतो, हा समज मात्र चुकीचा आहे. दूध लाळेत मिसळून थोडा वेळ घशात दाट जाणवते, त्यामुळे तसे वाटते.

हळदीत करक्युमिन हे गुणकारी मानले जाणारे द्रव्य साधारण तीन टक्के असते आणि पोटातून ते फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातल्या पिपेरिनबरोबर दिले असता रक्तातील त्याचे प्रमाण वीसपट वाढल्याचे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले होते. दुधात हळदीबरोबर मिरपूड टाकणाऱ्या आजीला हे वाचण्याची गरज पडली नव्हती. तरीही त्या पेलाभर दुधातील अर्धा चमचा हळद विषाणूला हरवते, असा दावा मी करणार नाही. भडक पिवळी सुटी पूड घेऊ नका. तिच्यात रंगासाठी शिशाचा क्रोमेट मिसळलेला असू शकतो. हळकुंडे आणून दळून घ्या.

जामाने (पुण्या-मुंबईचे वाचक ज्याला पेरू म्हणतात) खोकला वाढत नाही. शंभर ग्रॅम जामात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तिप्पट-चौपट. वर्षभर हे जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी आठ टक्क्यांनी लवकर बरी होते, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. नाक वाहू लागल्यावर गोळ्यांची पाकिटे आणण्याचा ठोस फायदा दिसत नाही. तिखट-मीठ लावलेल्या जामाने घसा झोंबला, तर दोष तिखटाचा आहे. सराफ्याच्या खाऊगल्लीतला गराडू (मसाला लावलेला तळलेला कंद) गरम असतो म्हणून सर्दीत चालतो का, असेही आपण शेवटी विचारले आहे. तळलेल्या मसाल्याने ठसका लागतो. सर्दी उतरल्यावर खा.

प्रश्न : कफ हिरवा झाला की संसर्ग छातीत गेला, असे समजून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणतो. दर वेळी गुण येतो. (खातीवाला टँक)

उत्तर : पाचव्या-सहाव्या दिवशी सर्दी उतरणीला लागते आणि त्याच दिवशी आपण गोळ्या आणता, म्हणून श्रेय गोळीला मिळते. कफाचा हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील एका विकराचा (एन्झाइमचा) असतो आणि तो विषाणूच्या सर्दीतही दिसतो. तीन गोळ्यांनी विषाणूला काही होत नाही, शरीरातले इतर जंतू मात्र त्या औषधाला सरावतात.

प्रश्न : राजवाड्याच्या गेरीत (रंगपंचमीच्या मिरवणुकीत) जाऊन आल्यापासून शिंका, घसा आणि डोळ्यांना खाज आहे. ताप नाही. काढा घेऊ का? (जुना राजवाडा परिसर)

उत्तर : ही बहुधा गुलालाची आणि धुळीची अॅलर्जी आहे. खाज हे तिचे मुख्य लक्षण आहे, सर्दीत ती सहसा नसते. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा, केस आणि कपडे धुवा, उशीची खोळ बदला. काढ्याची गरज नाही. श्वास लागत असेल तर दवाखाना गाठा.

प्रश्न : मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि सौ. बहात्तर वर्षांची. मुले पुण्याला आणि परदेशात आहेत. फ्लू उतरून अठरा दिवस झाले, तरी माझा खोकला रेंगाळतो आहे. तो किती दिवस चालवून घ्यावा? आणि आम्ही दोघांनी घरी काय काय ठेवावे? (लोकमान्यनगर)

उत्तर : विषाणू निघून गेला तरी श्वासनलिकांचे अस्तर सोलवटलेले राहते, म्हणून कोरडा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. तरीही आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकलेल्या खोकल्याची क्षयरोगासाठी तपासणी करावी, असा नियम आहे आणि आपण ती रेषा ओलांडली आहे. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला नमुना द्यावा, नुसती लाळ देऊ नये. छातीचा एक्स-रेही काढून घ्यावा. बहुधा काही निघणार नाही, पण वजन घटले असेल, संध्याकाळी कणकण वाटत असेल किंवा कफात रक्ताचा अंश दिसला असेल, तर ही तपासणी उद्यावर टाकू नका.

घरात पॅरासिटामॉलची साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी ठेवा. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे, पण आपल्या वयात आणि वजनात ती तीन ग्रॅमच्या आत ठेवणे बरे. येथे एक सापळा आहे : सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी अशा तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो. याच मिश्र गोळ्यांतले फिनाइलएफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने दिला, आणि रक्तदाब असलेल्यांनी ते टाळलेलेच बरे. नाक मोकळे करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत, नाही तर ते थांबवताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते.

स्वयंपाकघरात आले, मध, गूळ, मूगडाळ आणि आमसुले असली की पुरे. आजारपणात मुगाचे पातळ कढण, आमसुलाचे गरम सार आणि मेतकूट-तूप घातलेला मऊ भात यांहून अधिक काही रांधण्याचा खटाटोप करू नका. तहान लागली नाही तरी दर दोन तासांनी पेलाभर काही तरी गरम पीत राहा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेलेच ठेवा. ऑक्सिमीटर ठेवा. विश्रांतीत आकडा ९४ च्या खाली जाऊन तेथेच राहिला, बोलताना धाप लागली, एकदा उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा दोघांपैकी एकजण असंबद्ध बोलू लागला, तर मुलांना फोन करण्याआधी शेजाऱ्यांना हाक मारा आणि १०८ वर फोन लावा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. यंदा घेतली नसेल तर पावसाळ्याआधी दोघांनीही ती घ्यावी. आणि थर्मामीटर डिजिटल असेल, तर तो आज एकदा काखेत लावून पाहा. करोनानंतर तो कपाटातच असेल आणि त्यातला सेल बहुधा संपलेला असेल.